कुमारांसाठी डिस्टोपिया लिहिताना: जग नंतर, आधी एक नियम

प्रश्न थोडक्यात असा आहे: “14 ते 17 वयाच्या मुलांसाठी मराठीत डिस्टोपियन, म्हणजे बिघडलेल्या, जाचक भविष्याची कादंबरी लिहितेय. काळ 2090, पाणी संपत आलेलं शहर. नकाशे, यंत्रं, कायदे, सत्तेची उतरंड अशा 60 पानांच्या नोंदी तयार आहेत. पण चौथ्या प्रकरणाशी गोष्ट अडते. ज्या मुलांना वाचायला दिली त्यांनी ‘माहिती छान आहे’ म्हणून परत केली. कुठे चुकतंय? आणि घरचे विचारतात, या वयाच्या मुलांना इतकं काळंकुट्ट द्यायचंच कशाला?”

दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येते. पहिला सुटला की त्याचंही निम्मं उत्तर मिळेल.

कुमारवयीन वाचकांच्या कादंबऱ्यांचं संपादन करताना आणि लिहू पाहणाऱ्यांच्या कार्यशाळा घेताना मी अशी बरीच हस्तलिखितं वाचली आहेत. बहुतेकांची गाडी तुमच्यासारखीच तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाशी थांबते, आणि कारणही बहुतेक वेळा एकच निघतं. जग उभं असतं, पण त्या जगात मुलाच्या मानगुटीवर बसलेला नियम नसतो. पाणी कमी आहे, ही झाली परिस्थिती. परिस्थितीत माणसं त्रासतात, सोसतात, वाट बघतात. पाणी कोणाला किती मिळणार हे कोण ठरवतं, आणि त्याची वसुली कोणत्या मुलाकडून होते, हे सांगितलंत की गोष्ट सुरू होते.

सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’चं (2008) उदाहरण घेते, कारण तुमच्या वाचकांपैकी अनेकांनी ते वाचलेलं किंवा पडद्यावर पाहिलेलं असेल. लोकांच्या लक्षात राहतं ते रिंगण आणि धनुष्यबाण. मला विचाराल तर त्या पुस्तकाचं बळ पहिल्याच प्रकरणातल्या एका हिशेबात आहे. पॅनेम नावाच्या देशात 12 जिल्हे. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची, आणि या 24 जणांना एकमेकांना मारण्यासाठी रिंगणात सोडायचं. वयाच्या 12 व्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते, 13 व्या वर्षी दोन, असं करत 18 व्या वर्षी सात. इथपर्यंत सगळे सारखे. पुढचं कलम मात्र जीवघेणं आहे. घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची मुभा आहे. एका जादा चिठ्ठीला एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल. घरातल्या प्रत्येक माणसासाठी अशी एक चिठ्ठी टाकता येते, आणि या चिठ्ठ्या पुढच्या वर्षी रद्द होत नाहीत, साठत जातात.

कॅटनिस 16 वर्षांची. तिच्या नेमाच्या चिठ्ठ्या 5. शिवाय स्वतः, आई आणि धाकटी बहीण अशा तिघींसाठी पाच वर्षं दर वर्षी तीन, म्हणजे 15. एकूण 20. तिचा मित्र गेल 18 वर्षांचा, पाच माणसांचं घर चालवणारा. नेमाच्या 7 आणि जादा 35, एकूण 42. महापौरांची मुलगी महागडा पांढरा फ्रॉक घालून दारात येते तेव्हा गेल तिला तोंडावर सुनावतो: तुझ्या असून असून किती असणार, पाच? मी बारा वर्षांचा होतो तेव्हाच माझ्या सहा होत्या. गरिबी म्हणजे काय, वर्ग म्हणजे काय, यावर वाचणाऱ्या मुलाला एका ओळीचंही भाषण ऐकावं लागत नाही. त्याने बेरीज केली की झालं. आणि हा हिशेब डोक्यात पक्का बसल्यावर नाव निघतं ते जिची एकच चिठ्ठी आहे तिचं, धाकट्या बहिणीचं. तिला जादा चिठ्ठी टाकू द्यायची नाही, असं कॅटनिसने ठरवलेलं होतं. पॅनेमचा सगळा इतिहास मात्र त्याच दिवशी महापौर जे टिपण दरवर्षीप्रमाणे वाचून दाखवतो, तेवढ्यात उरकलेला आहे.

या नियमात काय काय आहे ते पाहा. तो वयाशी बांधलेला आहे, त्यामुळे प्रत्येक वाढदिवसाला धार येते. तो सगळ्यांना सारखा दिसतो आणि सारखा नसतो. तो घरातल्या प्रेमालाच कामाला लावतो, कारण जितकं घरच्यांवर प्रेम जास्त तितक्या चिठ्ठ्या जास्त. आणि एखाद्या मुलाला तो दोन वाक्यांत दुसऱ्याला सांगता येतो. तुमच्या 60 पानांत असा नियम शोधा. सापडला नाही तर आणखी 60 पानं लिहून तो सापडणार नाही, तो वेगळा बसूनच घडवावा लागतो.

दुसरी गोष्ट, आणि ही मला पहिल्याइतकीच महत्त्वाची वाटते. नायिकेचा त्या नियमावर विश्वास असायला हवा, निदान सुरुवातीला. नवे लेखक पहिल्याच पानावर बंडखोर मुलगी आणतात. तिला सगळं आधीच कळलेलं असतं, आजूबाजूचे सगळे झोपलेले असतात. चौथ्या प्रकरणापर्यंत तिच्याकडे शोधण्यासारखं काही उरत नाही, मग गोष्ट अडणारच. स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या ‘अग्लीज’मध्ये (2005) सोळावं लागलं की प्रत्येकावर शस्त्रक्रिया करून त्याला सुंदर केलं जातं, आणि नायिका टॅली त्या दिवसाची आतुरतेने वाट बघत असते. तिला ते हवंच असतं. त्या शस्त्रक्रियेत मेंदूलाही हात लावतात हे तिला, आणि आपल्याला, बरंच पुढे कळतं. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या नाकावर चिडलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला टॅलीचं हे वाट बघणं समजावून सांगावं लागत नाही.

लोइस लाउरी यांच्या ‘द गिव्हर’ने (1993, पुढच्या वर्षी अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबेरी पदक) हे सगळ्यात नाजूकपणे केलंय. जोनासच्या वस्तीत दर डिसेंबरला वयाचा समारंभ होतो. चार ते सहा वर्षांच्या मुलांची जाकिटं पाठीमागे बंद होतात, म्हणजे एकमेकांच्या मदतीशिवाय ती घालता येऊ नयेत. सातव्या वर्षी पुढे बटणं असलेलं जाकीट मिळतं, नवव्या वर्षी सायकल, बाराव्या वर्षी आयुष्यभराचं काम. वाचताना वाटतं, किती विचार करून उभारलेली वस्ती आहे! भांडण नाही, भूक नाही. पुस्तक अर्ध्याच्या जवळ आल्यावर कळतं की या माणसांना रंगच दिसत नाहीत. लेखिकेने ते लपवलं असं वाटत नाही, कारण गोष्ट जोनासच्या नजरेतून चालली आहे, आणि जे त्याने कधी पाहिलंच नाही त्याची उणीव तो कशी सांगणार? सफरचंद हवेत असताना क्षणभर काहीतरी बदलतं, एवढंच त्याला जाणवतं.

तुमच्या शहरात जन्मलेल्या मुलीला नदी वाहती असते हे आठवत नसणार. म्हणून “एके काळी इथे नदी वाहायची” हे वाक्य तिच्या तोंडी नको. तिच्या लेखी कोरडं पात्र म्हणजे खेळायचं मैदान. ती तिथे धावताना, पडताना, हद्दीवरून भांडताना दाखवा. पुलाखाली पाणी का नाही हा प्रश्न वाचणाऱ्या मुलाला पडू दे. पुस्तकातल्या मुलीला तो बराच काळ पडू नये.

आता तुमच्या पाण्याच्या शहराला एक नियम लावून बघू. हाच घ्या असं मी म्हणत नाही, गणित कसं मांडायचं ते दाखवते.

समजा शहरात माणशी रोजचं पाणी ठरलेलं आहे. ज्या घराला ते पुरत नाही त्याला महिनाभर रोज पाच लिटर जादा घेता येतं. त्याबदल्यात घरातल्या एका मुलाने सोळावं लागल्यावर जलवाहिनीच्या बोगद्यात एक महिना काम करायचं. नोंद आईबापाच्या नावावर होत नाही, मुलाच्या नावावर होते. नायिका पंधरा वर्षांची आहे. तिची आजी चार वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, आणि आजारी माणसाला पाणी जास्त लागतं. सोळाव्याला दोन महिने उरले असताना ती पाणी कचेरीत स्वतःचं खातं बघते. 48 महिने. म्हणजे चार वर्षं बोगद्यात. मग ती मोठ्या भावाचं खातं बघते. शून्य.

इथून पुढे तुम्हाला कथानक शोधत बसावं लागणार नाही. आईने हे का केलं? भाऊ हुशार म्हणून, की मुलगा म्हणून? भावाला माहीत होतं का? आजीला माहीत होतं का? आजीला रोज न्हाऊमाखू घालणारी ही मुलगीच होती, ते पाणी तिच्याच वर्षांतून येत होतं. ती चिडणार कोणावर? हुकूमशहा अजून गोष्टीत आलेलाही नाही, आणि घर पेटलेलं आहे. ऊसतोडीच्या मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेणारी आणि मग ती फेडत राहणारी घरं बीड-धाराशिवकडच्या तुमच्या वाचकाने पाहिलेली असतील. त्याला हा नियम परका वाटणार नाही. मुंबई-पुण्यातल्या मुलाला तो नवा वाटेल, पण घराचं कर्ज, क्लासची फी आणि “तुझ्यासाठीच करतोय” हे वाक्य त्याच्याही ओळखीचं आहे.

नियम पक्का झाला की त्यावर एक सराव करा. कार्यशाळेत मी तो सगळ्यांकडून करून घेते. तोच नियम तीनदा लिहायचा. पहिल्यांदा शासन निर्णयाच्या भाषेत: संदर्भ क्रमांक, प्रस्तावना, “याद्वारे मान्यता देण्यात येत आहे”. दुसऱ्यांदा आई सहा वर्षांच्या मुलाला समजावते तसा. तिसऱ्यांदा मुलांच्या खेळात: आऊट झालेल्याला मुलं काय म्हणतात, चिडवताना कोणतं गाणं म्हणतात, राज्य कोणावर येतं. तिसरा मसुदा बहुतेकांना जमत नाही, आणि कादंबरीसाठी सगळ्यात उपयोगी तोच असतो. जो नियम मुलांच्या खेळात उतरला तो समाजात मुरला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाण्यावर लिहिताय म्हणून आणखी एक. कागदावरचा नियम आणि पाळला जाणारा नियम यांच्यामधली फट ओळखायला शिका, आणि त्यासाठी 2090 पर्यंत जायची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्येच झाला होता. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांनी हजारोंसह तिथलं पाणी घेतलं तेव्हा लोकांवर हल्ले झाले, आणि नंतर तळं गोमूत्र-शेणाने ‘शुद्ध’ करण्यात आलं. उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं. हक्क ठरावात होता, पण ओंजळ पाण्याला लागू द्यायची नाही हा न लिहिलेला नियम ठरावापेक्षा जोरात होता. डिस्टोपिया लिहिणाऱ्याने हा इतिहास तारखांसकट वाचावा. सत्ता नेहमी कायदा करूनच अन्याय करते असं नाही. चांगला कायदा असताना तो शेजारपाजारच्या लोकांनीच हाणून पाडल्याचं हे उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतलं आहे.

याच कारणासाठी 2090 च्या महाराष्ट्रातलं शहर लिहून त्यात जात आपोआप नाहीशी झाली असं धरून चालणारं हस्तलिखित मला पटत नाही. नाहीशी झाली असेल तर कशी झाली ते सांगा. नसेल तर पाण्याच्या रांगेत ती कुठे उभी आहे ते दाखवा. मॅलरी ब्लॅकमन यांच्या ‘नॉट्स अँड क्रॉसेस’मध्ये (2001) सत्ता काळ्या लोकांकडे आहे आणि गोरे खालच्या पायरीवर आहेत. त्यात एका गोऱ्या मुलीच्या कपाळावर जखमेची पट्टी आहे, गडद तपकिरी, गोऱ्या कातडीवर उठून दिसणारी, कारण दुसऱ्या रंगाची पट्टी मिळतच नाही. एवढीशी वस्तू, पण दुकान कोणासाठी उघडलेलं आहे ते त्यातून कळतं. तुमच्या शहरात अशी वस्तू कोणती? नळाची उंची? भांड्याचं माप? पाणी कचेरीतली खिडकी?

लातूरचं 2016 सालही डोळ्यांसमोर ठेवा. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांभोवती 144 कलम लावून जमावबंदी झाली होती, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन पोचली. तेव्हा तिथे पाच-सात वर्षांची असलेली मुलं आज तुमच्या वाचकांच्या वयाची किंवा त्याच्या थोडी पुढे आहेत. त्यांच्यासाठी हे भविष्य नाही. मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी ‘द हँडमेड्स टेल’ (1985) लिहिताना, इतिहासात कुठे ना कुठे घडून गेलं नाही असं काहीही घ्यायचं नाही, हे पथ्य पाळलं होतं. पुस्तक मोठ्यांचं आहे, पण हे पथ्य कुमारांच्या लेखकाने जास्तच पाळावं. या वयाचा वाचक ‘उगाच रचलंय’ हे फार पटकन ओळखतो.

खलनायकाबद्दल थोडक्यात. राष्ट्राध्यक्ष, सेनापती, मुख्य अभियंता असे लोक तुमच्या नोंदींत असतीलच. त्यांना मागच्या बाकावर बसवा. नियमाचा हात नायिकेच्या प्रेमाच्या माणसाचा असू दे. ‘द गिव्हर’मधलं सगळ्यात हादरवणारं पान तेच आहे. जोनासचे वडील तान्ह्या बाळांची काळजी घेतात, मायाळू आहेत, लाडाच्या आवाजात बोलतात. जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या बाळाला ‘मुक्त’ करायचं काम त्यांच्याकडे येतं. मुक्त करणं म्हणजे काय हे जोनास पडद्यावर पाहतो: त्याच लाडाच्या आवाजात बोलत वडील बाळाच्या कपाळाजवळच्या शिरेत सुई घालतात. त्यांना यात काही वावगं वाटत नाही. पुढचं सगळं पुस्तक त्या एका दृश्यामुळे पळत सुटतं. तुमच्या गोष्टीत पाणी कचेरीत खाती लिहिणारी बाई नायिकेची आवडती मावशी असेल तर काय होईल, याचा विचार करून बघा.

आता घरच्यांचा प्रश्न. इतकं काळंकुट्ट कशाला?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना सतत मोजलं जात असतं. टक्के, रँक, वजन, उंची, रंग, फॉलोअर. कोणत्या रांगेत उभं राहायचं हे दुसरंच कोणी ठरवतं, आणि त्या रांगेचे नियम आपण केलेले नाहीत हे त्यांना याच वयात पहिल्यांदा स्पष्ट दिसायला लागतं. डिस्टोपिया त्यांना भिडतो तो यामुळे. त्यात त्यांना जगाचा शेवट बघायचा नसतो. नियम कोणी केला, तो मोडता येतो का, मोडला तर आपल्या माणसांचं काय होईल, हे प्रश्न त्यांना कोणीतरी गांभीर्याने विचारायला हवे असतात. मोठी माणसं एरवी ते टाळतात.

आणि ही मुलं वाचलेलं किती मनावर घेतात, याचा पुरावा पुस्तकांच्या बाहेर आहे. मे 2014 मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर निदर्शकांनी ‘द हंगर गेम्स’मधली तीन बोटांची सलामी उचलली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खोन केन इथे पंतप्रधानांसमोर ती करणाऱ्या विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं. 2021 च्या फेब्रुवारीतल्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या रस्त्यांवर तीच सलामी दिसली, आणि त्या देशाच्या संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतांनी आमसभेत भाषण संपवताना तीच केली. मुलांचं पुस्तक म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष होतं, त्यातली एक खूण एवढी लांब गेली. तेव्हा तुम्ही जे लिहाल ते वाचणारा कोणीतरी खरं मानून चालेल, ही जबाबदारी लिहिताना मनात असू द्या.

काळोख द्यावाच, पण माझी काही बंधनं आहेत आणि संपादक म्हणून ती मी सोडत नाही. मरणाऱ्या प्रत्येकाला नाव हवं. मारामारीचं वर्णन वाचताना मजा येऊ लागली तर ते पान पुन्हा लिहायचं. कॉलिन्स यांचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामच्या युद्धात गेले होते. टीव्हीवर एकामागोमाग रिअ‍ॅलिटी शो आणि इराक युद्धाची दृश्यं चाळताना ही गोष्ट सुचली, असं त्यांनी सांगितलं आहे. म्हणूनच त्यांच्या पुस्तकात बारा वर्षांची रू मरते तेव्हा खेळ थांबतो. कॅटनिस तिला फुलांनी झाकते, आणि रूच्या उपाशी जिल्ह्याकडून कॅटनिससाठी पाव येतो. नंतरच्या पुस्तकांत तिची झोप उडालेली आहे, ती बरी होत नाही. हिंसेची किंमत पुढची दोन पुस्तकं भरत राहतात. तुमच्या कादंबरीत बोगदा कोसळून माणसं मेली, तर पुढच्या प्रकरणात कोणाच्या घरी चूल पेटली नाही ते आलं पाहिजे. लैंगिक अत्याचार नायिकेला ‘कणखर’ करण्याचं साधन म्हणून वापरणारं हस्तलिखित मी या वयोगटासाठी घेत नाही.

शेवटाबद्दल मुलांच्या पुस्तकांत एक आग्रह असतो की आशा हवी. हवीच. पण राजवट उलथली, सगळे आनंदाने पाणी पिऊ लागले, ही आशा मुलांना पटत नाही. ‘मॉकिंगजे’मध्ये (2010) बंड जिंकतं, आणि जिंकलेल्यांची नेता राजधानीतल्या मुलांचे एक शेवटचे खेळ भरवायचा प्रस्ताव मांडते. (पुस्तक वाचलं नसेल तर पुढचं वाक्य सोडा.) कॅटनिसचा शेवटचा बाण जुन्या राज्यकर्त्याला लागत नाही, या नव्या नेत्याला लागतो. सत्ता बदलली तरी नियम तोच राहू शकतो, हे सोळाव्या वर्षी कळणं मला फार मोलाचं वाटतं. ‘द गिव्हर’चा शेवट तर उघडाच आहे. जोनास आणि त्याने सोबत पळवून नेलेलं दुसरं एक बाळ वाचले की बर्फात गोठून गेले, यावर मुलं वर्गात तावातावाने भांडतात, आणि त्यासाठी पुस्तक उघडून ओळी दाखवतात. तुमच्या नायिकेने सगळं शहर सोडवायची गरज नाही. तिने खात्यातलं एक पान बदललं, आणि ते बदलता येतं हे दुसऱ्या कोणाला दिसलं, तरी त्या वयाला पुरे.

भाषेचं थोडं. इंग्रजीतल्या यशस्वी पुस्तकांमुळे प्रथमपुरुषी वर्तमानकाळ लिहायची लाट आली आहे: मी धावतेय, मी थांबते, मी बघते. मराठीत तो सलग 200 पानं वाचताना दम लागतो. आपली गोष्ट सांगायची सवय भूतकाळाची आहे. अगदी आणीबाणीच्या प्रसंगी वर्तमानात शिरलात तर त्याचा परिणाम होतो. यंत्रांना आणि खात्यांना संस्कृत समासांची लांबलचक नावं देऊ नका, कारण लोक ती बोलताना तोडणारच. तोडलेलं नावच लिहा. आणि दुष्काळी भागांतून लोंढे येऊन वाढलेलं शहर असेल तर तिथली मुलं पुण्याच्या पेठेतलं मराठी बोलणार नाहीत. मराठवाडी, वऱ्हाडी, हिंदी, तेलुगू मिसळून 2090 पर्यंत काय तयार होईल, याचा अंदाज घ्या. चार-पाच शब्द आणि दोन-तीन क्रियापदांची वळणं पुरतात. सगळं पुस्तक त्यात लिहायचं नाही.

2008 नंतरच्या लाटेत जे बाजारात आलं त्यातलं बरंचसं आता कोणी वाचत नाही. वर्गवारीचा समारंभ, निवडलेली मुलगी, तिच्या मागे-पुढे दोन मुलगे, हा साचा मुलांना तोंडपाठ आहे. तो टाळा. कॉलिन्स मात्र 2020 आणि 2025 मध्ये त्याच जगात परतल्या आणि वाचकही परतले. साचा जुना झाला, पण चिठ्ठ्यांचा तो हिशेब जुना झालेला नाही.

आता कामाचं. 60 पानांच्या नोंदी फेकू नका, पण कपाटात ठेवा. पहिली तीन प्रकरणं त्या न उघडता लिहा. लिहिताना अडलात तर अडलेली माहिती नायिकेला खरंच हवी आहे का ते विचारा. तिला नको असेल तर वाचकालाही नको. पहिल्या प्रकरणात नियम कळला पाहिजे, दुसऱ्यात तो तिला बरोबर वाटला पाहिजे, तिसऱ्यात तिच्या घरातल्याच कोणामुळे तिला त्याचा चटका बसला पाहिजे. हा क्रम काही देवाने दिलेला नाही, पण पहिल्या कादंबरीला तो उपयोगी पडतो.

मग ती तीन प्रकरणं पुन्हा मुलांना द्या. आधीच्यांना नको, नव्या मुलांना, आणि सोबत काही समजावू नका. वाचून झाल्यावर ‘आवडलं का’ असं विचारू नका, कारण त्यावर मुलं मोठ्यांना बरं वाटेल ते सांगतात. दोनच प्रश्न विचारा. या शहराचा नियम काय आहे ते तुझ्या मित्राला सांग. आणि, आईच्या जागी तू असतास तर आजीसाठी पाणी घेतलं असतंस का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तीन-चार वाक्यांपेक्षा लांबलं तर नियम अजून गुंतागुंतीचा आहे, तो सोपा करा. दुसऱ्यावर सगळ्यांनी “सरकार वाईट आहे” असं म्हटलं तर आईसमोरचा पेच अजून बोथट आहे, तो घट्ट करा. दोन मुलं एकमेकांशी भांडायला लागली, एकाने आईची बाजू घेतली आणि दुसऱ्याने मुलीची, तर चौथं प्रकरण लिहायला घ्या.